घरातला कमावता माणूस गेल्यावर निराधार अनुदानाचा अर्ज कसा करावा

घरातली कमाई एका माणसावर चालत असेल आणि तोच माणूस गेला, तर मागे राहिलेल्यांना पहिले काही महिने काढण्यासाठी रोख पैशाची गरज असते. महाराष्ट्रात अशा कुटुंबासाठी शासनाच्या तीन वेगवेगळ्या योजना आहेत, पण त्यांचे निकष, कार्यालये आणि कागद निरनिराळे असल्यामुळे गावोगाव त्यांची सरमिसळ होते. ‘निराधारचा फॉर्म भरला’ एवढेच सांगितले जाते आणि नेमका कोणता फॉर्म भरला, हे वर्षभराने कोणालाच आठवत नाही. म्हणून अर्ज हातात घेण्याआधी आपण कशासाठी अर्ज करत आहोत, हे स्पष्ट करून घ्यावे.

पहिली योजना राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना होय. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाची कमावती व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, मरण पावली तर त्या कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये मिळतात. मृत्यू आजाराने झाला की अपघाताने, यावरून लाभात फरक पडत नाही. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमातली ही योजना १९९५ पासून चालू आहे आणि तिची रक्कम २०१२ मध्ये १०,००० वरून २०,००० रुपये झाली. दुसरी संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती राज्याची आहे आणि तिच्यात दरमहा रक्कम मिळते. तिसरी बालसंगोपन योजना, जी १८ वर्षांखालील मुलांसाठी आहे. विधवा आईला पहिल्या दोन योजनांचा आणि तिच्या मुलांना तिसरीचा विचार करता येतो. कुटुंब लाभाची रक्कम एकरकमी असल्यामुळे ती मिळाली म्हणून मासिक अनुदानाचा अर्ज करायचा राहिला, असे मात्र होऊ देऊ नये.

संजय गांधी योजनेचा लाभ ६५ वर्षांखालील निराधार व्यक्तींना मिळतो. त्यात विधवांबरोबरच परित्यक्ता, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या स्त्रिया, ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्रिया, तृतीयपंथी, दिव्यांग आणि क्षयरोग, कर्करोग किंवा कुष्ठरोगासारख्या आजारामुळे कमावू न शकणारे लोकही येतात. जुलै २०२३ पासून अनुदान दरमहा १,५०० रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो आणि एक तर कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे लागते, नाही तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे.

या २१,००० रुपयांवर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक अर्ज इथेच अडतात. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. आजच्या मजुरीचा विचार केला तर आठवड्यातून दोन दिवस कामाला जाणारी बाईसुद्धा या मर्यादेबाहेर जाऊ शकते. ही मर्यादा वाढायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर अर्जदाराने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर आधी त्या यादीचा उतारा मिळवावा, कारण त्या वाटेने गेल्यास २१,००० च्या आकड्याचा प्रश्नच येत नाही. गावात हा उतारा ग्रामपंचायतीतून मिळतो, शहरात नगरपालिकेतून किंवा महानगरपालिकेतून. पिवळी शिधापत्रिका आणि यादीतला क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळे कार्ड आहे म्हणून यादीत नाव असेलच असे नाही, आणि कार्ड केशरी असूनही नाव यादीत सापडल्याची उदाहरणे आहेत. दुसरी गोष्ट जुन्या दाखल्यांची. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा शाळाप्रवेशासाठी त्याच वर्षी साठ हजारांचा किंवा लाखाचा उत्पन्नाचा दाखला काढलेला असेल, तर आता २१,००० च्या आतला दाखला मागताना तो विरोधात जातो. वडील हयात असताना काढलेला दाखला असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि कमावती व्यक्ती गेल्यानंतरची परिस्थिती चौकशीच्या वेळी तलाठ्यांसमोर मांडावी. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी गावात अजून तलाठीच म्हणतात. आकडा ओढूनताणून बसवण्यापेक्षा बदललेली परिस्थिती खरी सांगणे सुरक्षित असते, कारण खोट्या दाखल्यावर मिळालेले अनुदान पुढे वसूल होऊ शकते.

कागद गोळा करताना क्रम पाळला तर खेटे वाचतात. सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. ती राहून गेली आणि वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि नोंदीशिवाय दाखला मिळत नाही. दाखला हातात आला की त्यावरचे नाव, आडनाव आणि तारीख आधार कार्डाशी व शिधापत्रिकेशी अक्षरशः जुळते का, ते तिथेच तपासावे, कारण चूक त्याच दिवशी दाखवली तर ती दुरुस्त करून घेणे सोपे जाते. त्यानंतर शिधापत्रिकेतून मृत व्यक्तीचे नाव कमी करून घ्यावे. मग उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला काढावा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार तो १५ दिवसांत मिळायला हवा. वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला चालतो. शाळेत कधीच न गेलेल्या बाईला शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून वयाचा दाखला घेता येतो.

नावाचा घोळ आपल्याकडे विशेष होतो. लग्नानंतर आडनाव आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते हे तर आहेच, पण पुष्कळ घरांत मुलीचे मूळ नावही बदलतात. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक, मतदार यादीत दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरेच नाव असते. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर प्रश्न सुटतो. तो नसल्यास दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून जोडावे. उत्पन्न, जात, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे त्यासाठी कोणी स्टँपपेपर घ्यायला लावत असेल तर ही माफी दाखवून द्यावी.

अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रामार्फत द्यायचा असतो. कुटुंब लाभाचा अर्जही तहसील कार्यालयातच जातो, मात्र तो वेगळ्या नमुन्यात असतो. मूळ कागद तपासणीसाठी दाखवावेत, अर्जासोबत स्वाक्षरी केलेल्या प्रती जोडाव्यात आणि संपूर्ण अर्जाची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवावी. काहीही झाले तरी पोहोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये. पोहोचेवर अर्जाचा क्रमांक, तारीख आणि शिक्का असावा. ‘ठेवून जा, बघतो’ असे तोंडी सांगून परत पाठवलेल्या अर्जाचा पुढे पत्ता लागत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या अर्जाला क्रमांकच पडला नाही, हे त्या बाईला सहा महिन्यांनी कळते.

अर्जाची छाननी झाल्यावर तो तालुक्याच्या समितीपुढे जातो. या समितीचे अध्यक्ष अशासकीय असतात आणि तहसीलदार सदस्य सचिव असतात. समितीच्या बैठकीत मंजुरी मिळते, म्हणून आपला अर्ज कोणत्या बैठकीत ठेवला जाणार आहे, हे शाखेतून विचारून घ्यावे. अनुदान मंजुरीनंतर सुरू होते. अर्ज दिल्यापासून मधल्या महिन्यांची रक्कम साचून मिळेल अशी आशा धरू नये. त्रुटी काढली असेल तर ती लेखी मागावी. दोन-तीन महिने उलटूनही काही कळले नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करून आपला अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे आणि तो का प्रलंबित आहे, हे विचारावे. या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. एकीकडे असा अर्ज गेला की दुसरीकडे मूळ अर्जही हलल्याचे पुष्कळदा दिसते.

मंजुरीपत्र आले तरी पैसे आले असे होत नाही. अनुदान आता थेट लाभ हस्तांतरणाने बँक खात्यात जमा होते आणि ते अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, तर आधार क्रमांकाला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. बचत गटासाठी एक, जनधनसाठी दुसरे, पोस्टात तिसरे अशी खाती असलेल्या बाईला आपले पैसे भलत्याच खात्यात साठत असल्याचा पत्ता नसतो. बँकेत आधार कार्डाची प्रत देणे आणि खाते आधारशी जोडून घेणे ही कामे वेगळी आहेत. केवळ केवायसी झाले म्हणून खाते लाभासाठी जोडले गेले असे समजू नये. कोणते खाते जोडलेले आहे, हे बँकेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याच भेटीत मोबाइल क्रमांक चालू असल्याची खात्री करावी, कारण तो बंद असेल तर ओटीपी येत नाही.

लाडकी बहीण योजनेचे पैसे आधीपासून मिळत असतील तर एक सावधगिरी बाळगावी. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा अधिक मिळत असतील तर लाडकी बहीण योजनेसाठी स्त्री अपात्र ठरते. दोन्हीकडे नाव ठेवून बघू, हा विचार महागात पडू शकतो. संजय गांधीचे अनुदान सुरू झाल्यावर लाडकी बहीण योजनेतून नाव कमी करण्याचा अर्ज आपणहून द्यावा आणि त्याचीही पोहोच जपावी. त्याचप्रमाणे ४० ते ७९ वर्षांच्या दारिद्र्यरेषेखालील विधवेला केंद्राच्या विधवा निवृत्तीवेतनातून ३०० रुपये आणि उरलेले राज्याकडून मिळतात. पुस्तकात दोन वेगळ्या नोंदी दिसल्या म्हणून दोन योजना मिळाल्या असे होत नाही. एकूण रक्कम तेवढीच असते.

मुलांसाठीचा बालसंगोपनाचा अर्ज तहसीलमध्ये घेतला जात नाही. तो जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात द्यावा लागतो आणि त्यावर बालकल्याण समिती निर्णय घेते. दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, म्हणजे आईच्या अनुदानाहून जास्त. तरीही तालुक्याच्या ठिकाणी या योजनेविषयी क्वचितच कोणी सांगते. मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि आई-मुलांचा एकत्र फोटो ही तयारी घरूनच करून गेल्यास जिल्ह्याच्या गावाची एक फेरी वाचते.

अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यास रक्कम थांबते आणि थांबलेले अनुदान पुन्हा सुरू करण्यासाठी तहसीलचे खेटे नव्याने घालावे लागतात. पत्ता बदलला, दुसऱ्या तालुक्यात राहायला गेले, पुनर्विवाह झाला किंवा मुलगा नोकरीला लागला, तर तसे लेखी कळवावे, कारण पात्रतेची तपासणी पुन्हा होते. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर लाभार्थ्याला श्रावणबाळ योजनेत घेतले जाते. तेव्हा वयाच्या पुराव्याचा तोच जुना कागद पुन्हा लागतो, म्हणून सगळी मूळ कागदपत्रे आणि पोहोची एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये, घरातल्या दुसऱ्या कोणालाही सापडतील अशा जागी ठेवाव्यात.