पाप पदरी कसे घ्यावे

ख्रिस्ती विश्वासात पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे, हे क्षमा मागण्यापूर्वी समजून घ्यावे. बायबलच्या नव्या करारातील ‘हमार्तिया’ हा ग्रीक शब्द नेम चुकणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे; चुकतो तो देवाशी असलेल्या नात्याचा नेम. म्हणूनच उरियाची पत्नी बळकावून त्याला रणात मारवणारा दावीद राजा, नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष दाखवल्यानंतर, ५१व्या स्तोत्रात आपण देवाविरुद्धच पाप केल्याचे कबूल करतो.

हे स्तोत्र प्रथम सावकाश वाचावे आणि मग आपले पाप नाव घेऊन सांगावे. ‘काही चुकले असेल तर क्षमा कर’ या वाक्याला मी पापांगीकार म्हणणार नाही, कारण त्यातला ‘तर’ अंग काढून घेतो. ‘मी भावाच्या वाट्याचे पैसे लपवले’ असे म्हणावे. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) मराठी बायबल पापे ‘पदरी घेणे’ असा नेमका शब्दप्रयोग करते. तेव्हा परिस्थिती, संगत किंवा दुसऱ्याची चिथावणी यांना या प्रार्थनेत साक्षीला बोलावू नये.

देव पवित्र असल्यामुळे पापाकडे काणाडोळा करत नाही, परंतु त्याचा दंड ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतः सोसला, अशी ही श्रद्धा आहे. त्यामुळे उपास किंवा दान यांचा सौदा देवापुढे मांडू नये. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यात बापाची संपत्ती उडवून घरी परतणारा उधळ्या पुत्र ‘मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा’ हे वाक्य निघण्यापूर्वीच जुळवून ठेवतो. पण बाप धावत येऊन गळ्यात पडतो आणि ते वाक्य उच्चारण्याआधीच चाकरांना उत्तम झगा आणायला सांगतो.

कॅथलिक परंपरेत हा अंगीकार धर्मगुरूपुढे होतो, तर प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो बहुधा थेट देवापुढे केला जातो.

भरपाई मात्र दोन्हीकडे टळत नाही. लबाडीने घेतलेले चौपट परत करीन, असे जकातदारांचा मुख्य जक्कय म्हणाला, पण येशूने त्याच्या घरी उतरायचे ठरवल्यानंतर. हा क्रम उलटा करू नये. भावाचे पैसेही असेच परत करावेत, आणि त्याने लगेच माफ करावे अशी अट घालू नये.