जंगलाची दोन घड्याळं: हवामान बदलाचा वनांवर आणि वन्यजीवांवर होणारा परिणाम मुलांना कसा शिकवावा

हवामान बदलाचा धडा बहुतेक वेळा एकाच चित्राने सुरू होतो. वितळत्या बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं पांढरं अस्वल. मुलं हळहळतात, वहीत 'झाडे लावा' लिहितात आणि धडा तिथेच संपतो. त्या चित्रात काय झालं ते दिसतं, पण कसं झालं ते दिसत नाही. आणि 'कसं' कळल्याशिवाय विषय मनात रुजत नाही.

हा विषय शिकवताना मला एक कल्पना सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. निसर्गात दोन घड्याळं चालतात. एक उजेडाचं, म्हणजे दिवस किती मोठा आणि रात्र किती मोठी याचं. दुसरं उष्णतेचं. पहिलं घड्याळ पृथ्वीच्या कलण्यावर आणि फिरण्यावर चालतं, त्यामुळे ते पूर्वीसारखंच चालू आहे. दुसरं मात्र पुढे पळायला लागलं आहे. काही सजीव एका घड्याळाकडे बघून जगतात, काही दुसऱ्याकडे बघून. दोन्ही घड्याळं जुळत होती तोवर सगळ्यांच्या गाठीभेटी वेळेवर होत होत्या. आता त्या चुकायला लागल्या आहेत.

पुढच्या पायऱ्या पाचवी ते नववीच्या मुलांसाठी आहेत. पाच-सहा तासिका पुरतात. एक वही मात्र वर्षभर चालवावी लागते.

पायरी १: आधी शब्दांचा गोंधळ सोडवा

भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' आणि 'हवामान' वेगळे असतात. आज ऊन आहे की पाऊस, ती हवा. एखाद्या प्रदेशाची वर्षानुवर्षांची सरासरी स्थिती, ते हवामान. पण बोलताना आपण 'आज हवामान खराब आहे' असंच म्हणतो आणि उद्याच्या पावसाच्या भाकितालाही 'हवामान अंदाज' म्हणतो. मग एखादी मुलगी उठून विचारते, "काल तर थंडी होती, मग तापमान वाढतंय कुठे?" तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. आपणच तिला दोन गोष्टींसाठी एक शब्द दिलेला असतो.

इथे फासे बाहेर काढा. एक फासा साधा ठेवा. दुसऱ्यावर १ च्या जागी कागद चिकटवून ६ लिहा, म्हणजे त्यावर दोन षटकार झाले. ६ म्हणजे कडक उन्हाचा दिवस. दोन्ही फासे एकदाच टाका आणि बदललेला कोणता ते ओळखायला सांगा. कुणालाच सांगता येणार नाही. आता प्रत्येक फासा ६० वेळा टाकून नोंद करा. साध्यावर ६ साधारण १० वेळा येतो, बदललेल्यावर २० च्या आसपास. एक दिवस बघून हवामान बदल का कळत नाही आणि सरासरी थोडी सरकली तरी टोकाचे दिवस इतके का वाढतात, हे दोन्ही मुलांना हातानेच कळतं.

याच तासिकेत मोजके आकडे द्या. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते, आता ४२० च्या वर गेले आहेत. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त होतं. ओझोनच्या छिद्राचा विषय कुणीतरी काढतंच. तो वेगळा प्रश्न आहे एवढं स्पष्ट सांगा आणि पुढे जा.

पायरी २: एक झाड आणि एक वही

शाळेजवळचं एकच झाड निवडा. त्याच्या एका फांदीला रंगीत दोरी बांधा आणि दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी तीच फांदी बघा. नवी पालवी आहे का? कळ्या, फुलं, फळं? पानं कुणी खाल्ली आहेत का? कोणते किडे, कोणते पक्षी आले आहेत? नोंद दोन ओळींची असली तरी चालते, चुकवू मात्र नये. 'थोडी पालवी' असं लिहू देऊ नका. वीस डहाळ्यांपैकी किती डहाळ्यांवर पालवी आहे ते मोजून लिहायला सांगा.

एका वर्षाच्या नोंदीतून हवामान बदल दिसणार नाही. हे मुलांना आधीच सांगून टाका, नाहीतर ती ओढूनताणून निष्कर्ष काढतात. मग जपानमधल्या क्योतो शहराची गोष्ट सांगा. तिथे चेरीचा बहर केव्हा आला याच्या नोंदी इ. स. ८१२ पासून मिळतात. राजदरबारातल्या लोकांनी रोजनिशीत सहज लिहून ठेवलेल्या. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला आणि तो तोवरच्या बाराशे वर्षांतल्या नोंदींमधला सगळ्यात लवकर आलेला बहर ठरला. रोजनिशी लिहिणाऱ्यांना हवामान बदल ठाऊकही नव्हता. त्यांनी फक्त तारीख नीट लिहिली.

पायरी ३: कागदाच्या पट्ट्या सरकवा

माझ्या मते या विषयाचा गाभा या खेळात आहे. बाकी काही गाळावं लागलं तरी चालेल, हा खेळ गाळू नका.

प्रत्येक गटाला कागदाच्या दोन लांब पट्ट्या द्या. प्रत्येकीवर ६० चौकोन, एक चौकोन म्हणजे एक दिवस. पहिल्या पट्टीवर २१ ते ४० हे चौकोन हिरवे रंगवा. या दिवसांत झाडाला कोवळी पानं आहेत आणि त्यांवर भरपूर अळ्या आहेत. दुसऱ्या पट्टीवर २५ ते ३९ हे चौकोन लाल रंगवा. या दिवसांत घरट्यात पिल्लं आहेत. दोन्ही पट्ट्या एकीखाली एक ठेवा. पिल्लांच्या पंधराही दिवशी अळ्या हजर आहेत.

आता ऊब लवकर आली. हिरवी पट्टी १० चौकोन डावीकडे सरकवा. पक्षी मात्र लांबून येतो, तो थोडाच लवकर पोचला. लाल पट्टी ३ चौकोन सरकवा. मोजा. पंधरापैकी नऊच दिवस अळ्या मिळतात, शेवटचे सहा दिवस पिल्लं उपाशी. हिरवी पट्टी आणखी ५ चौकोन सरकवली की चारच दिवस उरतात. इथे वर्ग गप्प होतो, कारण हे दिवस मुलांनी स्वतः मोजलेले असतात. हे आकडे खेळासाठी घेतले आहेत, हेही त्यांना सांगा.

मग खरी हकिगत सांगा. पाईड फ्लायकॅचर नावाचा चिमुकला काळा-पांढरा पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि पिल्लं वाढवायला युरोपात येतो. आफ्रिकेतून कधी निघायचं हे तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. नेदरलँड्समधल्या जंगलात यंदा ऊब लवकर आली आहे, हे त्याला तिकडे बसून कळणार कसं? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की, जिथे अळ्यांचा हंगाम फार लवकर यायला लागला तिथे या पक्ष्याची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली.

त्याच्या शेजारी दुसरा पक्षी ठेवा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात ग्रेट टिट पक्ष्यांचा अभ्यास १९४७ पासून चालू आहे. हा पक्षी हिवाळ्यात कुठे जात नाही, त्यामुळे वाढती ऊब त्याला जागेवरच जाणवते. १९६० च्या दशकाच्या तुलनेत तो सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालू लागला. एक पक्षी जुळवून घेऊ शकला, दुसऱ्याला ते जमलं नाही. असं का, हे मुलांना विचारा आणि उत्तर लगेच देऊ नका. दोन घड्याळांची गोष्ट कुणीतरी आपणहून बोलून दाखवेपर्यंत थांबा.

हाच प्रश्न उत्तर अमेरिकेतल्या स्नोशू सशावर वापरून बघता येतो. त्याचे केस हिवाळ्यात पांढरे होतात, उन्हाळ्यात तपकिरी. हा बदल दिवसाच्या लांबीवर होतो, पण बर्फ वितळतो उष्णतेने. बर्फ लवकर गेला की तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र ससा उठून दिसतो आणि शिकारी प्राण्यांच्या तावडीत सापडतो.

पायरी ४: पानांना पिशवी बांधा

जंगल नुसतं हवामान सोसत नाही, ते हवामान घडवतंही. हे दाखवायला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणि दोरा पुरतो.

सारख्या आकाराची दोन कुंडीतली झाडं घ्या. एकाला रोज पाणी घाला, दुसऱ्याला चार-पाच दिवस घालू नका. मग उन्हाच्या दिवशी सकाळी दोघांच्याही एकेका फांदीला पिशवी घालून तोंड घट्ट बांधा. तासाभरात पाणी मिळालेल्या झाडाची पिशवी आतून धुरकट होते, मग बारीक थेंब दिसायला लागतात, थेंब एकमेकांत मिसळून ओघळतात आणि दुपारपर्यंत पिशवीच्या कोपऱ्यात पाणी साठतं. तहानलेल्या झाडाच्या पिशवीत त्या मानाने फारच कमी पाणी असतं.

इथे मुलांना पर्णरंध्रांची, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांची, आठवण करून द्या. पाणी कमी पडलं की झाड ती मिटून घेतं. त्याने पाणी वाचतं, पण त्याच वाटेने कार्बन डायऑक्साइड आत येतो, तोही अडतो. म्हणजे दुष्काळात झाडाचं अन्न कमी बनतं, हवेतला कार्बन कमी शोषला जातो आणि हवेत जाणारी वाफही घटते. वाफ घटली की पुढचा पाऊसही घटू शकतो. ॲमेझॉनच्या जंगलात पावसाचा मोठा वाटा झाडांनीच सोडलेल्या वाफेतून येतो. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे ३० टक्के जमिनीवरच्या वनस्पती आणि माती शोषून घेतात. हा वाटा कमी झाला तर काय होईल, ते मुलांना बाणांनी काढायला सांगा. शेवटचा बाण फिरून पहिल्या चौकटीकडे येतो.

पायरी ५: डोंगर चढून बघा

समुद्रसपाटीपासून वर जाताना तापमान दर १००० मीटरला साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे तापमान एका अंशाने वाढलं, तर पूर्वीचाच गारवा हवा असलेल्या जीवाला सुमारे १५० मीटर वर सरकावं लागतं. जाड कागदाची १०, ८, ६, ४ आणि २ सेंटीमीटर त्रिज्येची वर्तुळं कापून एकावर एक रचा. हा आपला डोंगर. चौथ्या वर्तुळावर राहणाऱ्या प्राण्याला एक पायरी वर पाठवा. त्रिज्या निम्मी झाली, पण जागा चौथाईच उरली. वर्गसंख्यांचा हा पाठ मुलं विसरत नाहीत. आणखी एक पायरी वर जायचं तर डोंगरच संपलेला असतो.

अमेरिकेतल्या डोंगरांवर राहणारा पिका हा सशाचा छोटा नातेवाईक असा अडकला आहे. २५-२६ अंशांची उष्णता उघड्यावर काही तास सोसावी लागली तरी त्याच्या जिवावर बेतू शकतं. तो दगडांच्या गार कपारींत शिरून तग धरतो. म्हणून डोंगराचं तापमान आणि कपारीतलं तापमान वेगळं असतं हेही सांगा. ते दाखवायला तापमापी एकदा उन्हातल्या मातीत आणि एकदा झाडाखालच्या मातीत सारख्याच खोलीवर खुपसून बघा.

पायरी ६: सगळं खापर हवामान बदलावर फोडू देऊ नका

इतकं शिकल्यावर मुलं प्रत्येक मेलेल्या झाडामागे हवामान बदल बघायला लागतात. ही सवय वेळीच मोडावी लागते. जगात जंगल नष्ट होण्याचं मोठं कारण आजही शेती आणि कुरणांसाठी होणारी तोड हेच आहे. शिकार, प्रदूषण, बाहेरून आलेल्या आक्रमक वनस्पती ही कारणंही आहेतच.

यासाठी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला पाइन भुंगेरा हे उत्तम उदाहरण आहे. तांदळाच्या दाण्याएवढा हा किडा पाइनच्या सालीखाली अंडी घालतो. पूर्वी हिवाळ्यात उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी काही दिवस टिकली की त्याच्या बहुतेक अळ्या मरत. तशा थंड्या कमी झाल्या आणि १९९० च्या दशकापासून या किड्याचा उद्रेक झाला. सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला त्याची झळ पोचली. झाडं मरून कुजू लागल्यावर कार्बन शोषणारं जंगल कार्बन सोडणारं बनलं. पण थांबा. त्या जंगलात वर्षानुवर्षं वणवे विझवल्यामुळे म्हाताऱ्या पाइनची दाटीही झाली होती, आणि या किड्याला तीच झाडं मानवतात. मग दोष कुणाचा? मुलांना वाद घालू द्या. 'दोन्हींचा, आणि दोन्ही एकत्र आल्यामुळे जास्त' इथपर्यंत वर्ग पोचला की काम झालं.

पायरी ७: भीतीला जागा द्या, पण तिच्यावर धडा सोडू नका

नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स भागात पारा ४२ अंशांच्या वर गेला आणि दोन दिवसांत 'स्पेक्टॅकल्ड फ्लाइंग फॉक्स' जातीची सुमारे २३ हजार फळवाघळं मेली. ती त्या देशातल्या या जातीच्या जवळपास एक तृतीयांश होती. ही वाघळं परागीभवन करतात, बिया पसरवतात, म्हणून त्यांच्या मरणाचा धागा जंगलापर्यंत जातो. आठवी-नववीला हे जरूर सांगा. पाचवीला मी सांगणार नाही. त्या वयात पट्ट्या, पिशवी आणि झाडाची वही पुरेशी आहे.

एखादं मूल घाबरलं तर 'काही होत नाही' म्हणू नका. ते खरं नाही आणि मुलाला ते कळतं. जमिनीवर आणून बोला. कोळसा आणि तेल जाळणं कमी करणं हे मोठ्यांचं आणि सरकारांचं काम आहे, ते लहान मुलाच्या खांद्यावर टाकू नये. मुलं नोंदी ठेवू शकतात, असलेलं झाड जगवू शकतात, प्रश्न विचारू शकतात. वृक्षारोपणाचा विषय निघेलच. एका जातीची रोपं ओळीत लावली तर ती लागवड होते, जंगल होत नाही. पट्ट्यांच्या खेळातल्या त्या पक्ष्याला अशा लागवडीत काय मिळेल, हा प्रश्न त्याच वेळी विचारा.

पायरी ८: समजलं का, ते असं तपासा

'हवामान बदलाचे पाच परिणाम लिहा' हा प्रश्न देऊ नका, त्याची उत्तरं पाठ होतात. त्याऐवजी मुलांनी न ऐकलेलं एक उदाहरण द्या. उदाहरणार्थ, समुद्री कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. जास्त ऊब असेल तर माद्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातली लहान हिरवी कासवं ९९ टक्के मादी निघाली. आता विचारा: हे कासव कोणत्या घड्याळावर चालतं? तीस वर्षांनी किनाऱ्यावर काय दिसेल? तुमचं म्हणणं खरं की खोटं, हे ठरवायला कोणती मोजणी करावी लागेल? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त गुण ठेवा.

वर्ष संपताना झाडाची वही पुढच्या वर्गाकडे द्यायची आहे, म्हणून तिचं पहिलं पान मुलांकडूनच नीट लिहून घ्या: झाड कोणतं, कुठे आहे, दोरी कोणत्या फांदीला, निरीक्षणाचा वार आणि वेळ कोणती, डहाळ्या कुठून मोजायला सुरुवात करायची. दोरी कुजते, तेव्हा तिच्या शेजारी नवीही बांधून ठेवा.