अपील एनसीएलएटीत, पैसे वाटपाच्या वाटेवर: स्थगिती कशी मागावी, कशी अडवावी

आयबीसी म्हणजे दिवाळखोरी कायद्याखालचा रिझोल्यूशन प्लॅन (अडचणीतली कंपनी नव्या मालकाकडे देऊन धनकोंची देणी भागवण्याची योजना) एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाने मंजूर केला, तुमच्या वाट्याची रक्कम तुम्हाला मान्य नाही आणि तुम्ही एनसीएलएटी या वरच्या न्यायाधिकरणात अपिलात जाणार आहात. नुसते अपील दाखल झाल्याने धनकोंचे वाटप थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. तोही ‘सगळा प्लॅन थांबवा’ असा केला तर टिकणे अवघड. ‘वादातली रक्कम बाजूला ठेवा’ असा केला तर आशा बरीच.

आधी मुदत. कलम ६१ प्रमाणे ३० दिवस, सबळ कारण दाखवले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. दिवस निकाल जाहीर झाल्या तारखेपासून मोजायचे, प्रत हातात पडल्यापासून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच हे स्पष्ट केले आहे. म्हणून प्रमाणित प्रतीचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. प्रत तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्जच केला नसेल तर वजा करायला काही उरत नाही. मुंबई एनसीएलटीच्या आदेशावरचे अपील दिल्लीच्या मुख्य पीठाकडे जाते. चेन्नई पीठ दक्षिणेकडच्या राज्यांसाठी आहे.

मात्र तुमचे खरे घड्याळ हे ३० दिवस नव्हेत, तर प्लॅनमधले पैसे देण्याचे वेळापत्रक. ‘इफेक्टिव्ह डेट’ (प्लॅन अमलात येण्याची तारीख) कशी ठरते, आगाऊ रक्कम किती दिवसांत यायची, ती कोणत्या खात्यात येते आणि मॉनिटरिंग कमिटी (प्लॅनच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारी समिती) ती कोणत्या क्रमाने वाटते, हे आधी वाचून काढा. ऑपरेशनल क्रेडिटरचे (माल किंवा सेवा पुरवून पैसे येणे असलेल्याचे) पैसे फायनान्शियल क्रेडिटरच्या (बँकेसारख्या कर्ज देणाऱ्याच्या) आधी द्यायचे असतात. विरोधात मत दिलेल्या फायनान्शियल क्रेडिटरचे, बाजूने मत दिलेल्यांच्या आधी. वाटप २१व्या दिवशी होणार असेल तर २९व्या दिवशी दाखल केलेल्या अपिलात थांबवायला काही शिल्लक नसते.

आता आकडा काढा. समजा, आगाऊ रक्कम ८० कोटी आहे. तुम्ही ऑपरेशनल क्रेडिटर आहात आणि प्लॅनने तुम्हाला ३० लाख दिले. कलम ३०(२)(ब) प्रमाणे किमान हक्क दोन प्रकारे मोजायचा: कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली असती, म्हणजे मालमत्ता विकून बंद झाली असती, तर काय मिळाले असते, आणि प्लॅनची रक्कम कलम ५३ च्या क्रमाने (लिक्विडेशनमध्ये कोणाला आधी द्यायचे त्या क्रमाने) वाटली असती तर काय मिळाले असते. यातला मोठा आकडा तुमचा. तो १ कोटी १० लाख निघाला तर वाद ८० लाखांचा, म्हणजे ८० कोटींच्या एक टक्क्याचा. एवढ्यासाठी उरलेले ९९ टक्के कोणी अडवू देणार नाही, आणि मागूही नये. दोन्ही हिशेबांत शून्य येत असेल, आणि ऑपरेशनल क्रेडिटरच्या बाबतीत ते वारंवार येते, तर रकमेच्या मुद्द्यावर स्थगितीचा आग्रह सोडलेला बरा.

अर्जात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल (स्थगिती दिल्याने वा नाकारल्याने कोणाची जास्त अडचण होते) आणि भरून न येणारे नुकसान. पहिलीसाठी कलम ६१(३) मधल्या आधारांपैकी कोणता लागू होतो ते नेमके लिहा. ‘हेअरकट (येण्यातली कपात) अन्यायकारक आहे’ हा आधार नव्हे. प्लॅनवर मत देणाऱ्या क्रेडिटर्सच्या कमिटीच्या व्यावसायिक निर्णयात ट्रिब्युनल शिरत नाही. तिसरीत बहुतेक अर्ज लंगडे पडतात. पैशाचे नुकसान पैशाने भरून निघते, असे समोरून उत्तर येणारच. तेव्हा वसुली का अशक्य होईल ते सांगा: पैसे अनेक धनकोंत विखुरतील, कंपनीवर नव्या मालकाचा ताबा येईल आणि प्लॅनबाहेरचे जुने दावे संपलेले असतील.

मागणी पायऱ्यांनी लिहा. आधी, ८० लाख व्याज देणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवावेत. ते नाही तर, पैसे घेणाऱ्यांनी अपील यशस्वी झाल्यास ठरावीक दिवसांत व्याजासह परत करण्याचे हमीपत्र द्यावे. बायजूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी एनसीएलएटीच्या आदेशाला स्थगिती देताना बीसीसीआयला मिळालेले सुमारे १५८ कोटी वेगळ्या एस्क्रो खात्यात (निकाल होईपर्यंत पैसे राखून ठेवण्याच्या खात्यात) ठेवायला सांगितले होते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो ‘अपिलाच्या निकालाच्या अधीन’ या शब्दांनी. असा आदेश मिळाला की पक्षकार निर्धास्त होतात. पण ही स्थगिती नव्हे. वाटप सुरूच राहते. फक्त पुढे परत मागण्याचा दरवाजा उघडा राहतो. पैसे कोणी, किती दिवसांत परत करायचे हे आदेशात नसेल तर जिंकूनही दारोदार फिरावे लागते. म्हणून त्याच सुनावणीत हमीपत्राची तारीख आणि व्याजदर मागून घ्या. ज्यांच्या खात्यात पैसे जाणार त्या धनकोंना प्रतिवादी करा. स्थगिती मिळालीच तर त्याच संध्याकाळी आदेश मॉनिटरिंग कमिटी, प्लॅन देणारी कंपनी आणि खाते असलेल्या बँकेला ईमेलने पाठवा. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर फार सोयीचे असते. आणि वाट्याला आलेले ३० लाख नाकारू नका; हक्क राखून स्वीकारत असल्याचे पत्र देऊन घ्या.

तुम्ही पैसे मिळण्याच्या बाजूचे असाल, तर निकालानंतर लगेच कॅव्हिएट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा अर्ज) दाखल करा आणि परतफेडीचे हमीपत्र कोणी मागण्याआधी पुढे करा. भूषण पॉवर अँड स्टीलमध्ये धनकोंनी २०२० मध्येच, अपील यशस्वी झाल्यास पैसे परत करू, असे सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. २०२१ मध्ये प्लॅन देणाऱ्या जेएसडब्ल्यूचे पैसे आले. २ मे २०२५ रोजी न्यायालयाने प्लॅन रद्द केला तेव्हा तेच वचन समोर उभे राहिले. ३१ जुलैला तो निकाल मागे घेतला गेला आणि २६ सप्टेंबरला प्लॅन कायम झाला. हमी देताना ती खरोखर वटवली जाऊ शकते हे धरून तरतूद ठेवा.

एनसीएलएटीने स्थगिती नाकारली तर कलम ६२ खाली सर्वोच्च न्यायालय: ४५ दिवस, अधिक १५, आणि फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. एस्सार स्टीलमध्ये एप्रिल २०१९ मध्ये तिथूनच वाटपावर ‘जैसे थे’ मिळाले होते. या टप्प्यावर ४५ दिवस वापरत बसू नका. नकाराच्या दुसऱ्या दिवशी अर्ज तयार हवा, आणि सोबत मॉनिटरिंग कमिटीला लेखी विनंती, की सुनावणीपर्यंत वादातली रक्कम सोडू नये.