चांगला सुपरवायझर टिकवायचा असेल तर

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आधी सुपरवायझर, मग प्रॉडक्शन मॅनेजर अशी माझी नोकरी झाली. आता लहान कारखानदार सल्ल्याला बोलावतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पोरं टिकत नाहीत हो, सगळी पुण्याकडं चाकणला पळतात." पगारासाठी जाणारे असतातच. पण ज्याचं घर, रान, आईवडील तासगाव-मिरजेकडं आहेत, तो माणूस चाकणला भाड्याची खोली घ्यायला तयार होतो तेव्हा आधी आपल्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात मशीन चालतात तिथं, त्याचं काय चाललंय ते बघा.

सुरुवात हुकमापासून करा. सुपरवायझरनं सकाळी कुठल्या मशीनवर कुठला जॉब, म्हणजे कुठलं काम, ते ठरवलेलं असतं. अकराला कस्टमरचा फोन येतो आणि मालक थेट सीएनसीवरच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरच्या) ऑपरेटरला सांगतात, "हे काढ, ते लाव." चालू सेटिंग मोडलं, टूल बदलले, ऑफसेट (टूलची मापं) पुन्हा घेतले, पहिला पीस पुन्हा तपासला. तेवढा वेळ मशीन उभी. संध्याकाळी आधीचा जॉब अपुरा का, म्हणून बोलणी सुपरवायझरला, तीही त्याच ऑपरेटरसमोर. उद्यापासून तो ऑपरेटर त्याचं कशाला ऐकेल?

यावर मी एकच पद्धत सांगतो. शिफ्ट सुरू होताना मालक आणि सुपरवायझर दोघांनी उभ्या उभ्या दिवसाचा क्रम फळ्यावर लिहायचा. मध्येच बदल करावा लागला तर तो सुपरवायझरलाच सांगायचा, त्या बदलामुळं कुठला जॉब मागं पडेल ते त्याच्याकडून ऐकायचं आणि फळ्यावर तिथल्या तिथं दुरुस्ती करायची. कस्टमरला नवी तारीख तुम्ही कळवायची. ते काम त्याच्या गळ्यात घालू नका.

मग कामाची वाटणी बघा. अवघड जॉब आला, नवं पोरगं शिकवायचंय, रात्री मशीन बंद पडली, की फोन एकाच माणसाला. कुचराई करणाऱ्याला हलकं काम, आणि वर्षाची वाढ दोघांना सारखी! महिनाभर वहीत लिहा: सुट्टीदिवशी कुणाला बोलावलं, रिवर्क (चुकलेल्या पीसची दुरुस्ती) कुणी काढलं, शेवटी शॉपमधून कोण बाहेर पडलं. पगारवाढ ठरवताना ती वही समोर ठेवा. ओव्हरटाइमचंही तसंच. कामगाराला कायद्यानं दुप्पट दर मिळतो. सुपरवायझर हे पद दिलं की काही जण तो बंद करतात, आणि ऑपरेटरच्या हातात त्याच्यापेक्षा जास्त रक्कम पडते. बदली सुट्टी किंवा भत्ता, जे देणार ते लेखी द्या. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा, हेही कायद्यातच आहे.

आपल्या भागात रजेवरून माणसं दुखावतात, आणि हे मला फार लागतं. तासगावकडच्या माणसाची द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणी दरवर्षी येणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. छाटणीनंतर पाऊस झाला तर डाऊनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी लांबवता येत नाही. बाग हातची जाते. तरी दरवर्षी "आत्ताच कशी रजा?" हा प्रश्न असतोच. ऑगस्टमध्येच प्रत्येकाला विचारून छाटणी, गावची जत्रा, घरातलं लग्न हे कॅलेंडरवर मांडा. त्याच्या गैरहजेरीत पहिला पीस पास करायला दुसरा माणूस आधीच तयार करा, आणि रजेवर असताना त्याला फोन करू नका.

पूर्वी चुकीच्या ड्रॉइंगवरून तुमच्याशी भांडणारा माणूस हल्ली नुसतं "बरं साहेब" म्हणायला लागला, तर त्याच आठवड्यात त्याला शॉपबाहेर चहाला न्या. विचारा: "कुठली गोष्ट तुमच्या हातात नाही, तरी बोलणी तुम्हाला बसतात?" मध्ये बोलू नका, सफाई देऊ नका, लिहून घ्या. त्यातली एक गोष्ट आठ दिवसांत बदलून दाखवा.

राजीनामा आलाच तर घाईनं पगार वाढवून अडवू नका. ज्यामुळं तो निघालाय ते तसंच राहिलं तर तो पुन्हा निघेल. त्याचा हिशेब रोखू नका, नव्या कंपनीत फोन करून त्याच्याविषयी वाईट सांगू नका. शॉपमधली बाकीची माणसं हे बघत असतात. त्याच्या जागी कोण चालेल ते त्यालाच विचारा. आणि ज्याला नेमाल, त्याच्याबद्दल पहिल्याच दिवशी सगळ्या ऑपरेटरांना सांगा की मशीनवर कुठला जॉब लागणार हे आता हा ठरवेल.