झपतालाचं प्रकाशशिल्प: पितळी तार, दहा एलईडी आणि एक ४०१७

४०१७ ही काउंटर आयसी दहापर्यंत मोजते, दर मोजणीला एकेक एलईडी पेटवते आणि पुन्हा पहिल्यावर येते. झपतालाच्या मात्राही दहाच. म्हणून तालावरचं पहिलं शिल्प करायचं तर झपतालच घ्या. सोळा मात्रांच्या तीनतालाला दोन आयसी जोडाव्या लागतात आणि तारांचं जंजाळ उगाच वाढतं.

सर्किट लाकडी खोक्यात लपवणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. जर्मनीतले पेटर फोगेल (१९३७–२०१७) रेझिस्टर-ट्रान्झिस्टर उघडेच ठेवून, सावलीला नि आवाजाला प्रतिसाद देणारी शिल्पं करत. इथेही सर्किट हेच शिल्प.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतं: ७५५५ टायमर (मोजणीचे ठोके देणारी आयसी), ४०१७, दोन्हींचे सॉकेट, १० के चे दोन रेझिस्टर, १०० के चा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ०.१ चे दोन, ४७० ओहम, १ के आणि ४.७ के चे रेझिस्टर, एलईडी आणि ०.८ मिमी पितळी तार. वीज मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरची. ९ व्होल्टची बॅटरी लावा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सगळ्या एलईडींना मिळून एकच रेझिस्टर असला की विझलेल्या एलईडींवर उलटा व्होल्टेज येतो आणि ९ व्होल्टला तो त्यांची ५ व्होल्टची मर्यादा ओलांडू शकतो.

आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडायच्या पाटीवर, चालवून बघा. टायमरचा ३ नंबरचा पाय ४०१७ च्या १४ ला. १३ आणि १५ ग्राउंडला जोडाच. ते लोंबते राहिले तर नुसता हात जवळ नेला तरी मोजणी भरकटते. आउटपुटचे पाय ओळीने नाहीत. मात्रांचा क्रम असा: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११.

आता मांडणी. दहा एलईडी सारख्या अंतरावर लावल्या की ताल दिसत नाही, गणपतीच्या मांडवातली रनिंग लाइट दिसते. धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना: दोन-तीन-दोन-तीन हे विभाग मोकळ्या जागेने दिसले पाहिजेत. ‘धी’ला डग्गा वाजतो, म्हणून तिथे ८ मिमीची लाल एलईडी, ‘ना’ला ३ मिमीची पिवळी. सम, म्हणजे पहिली मात्रा, सर्वांत उंच. सहाव्या मात्रेच्या ‘ती’ला मोठीच एलईडी लावा, पण ४.७ के चा जादा रेझिस्टर घालून मंद करा. ही तालाची ‘खाली’. खाली म्हणजे अंधार नव्हे. तिथे डग्गा नसतो, एवढंच. आणखी एक गंमत: ४०१७ चा १२ नंबरचा पाय पहिल्या पाच मात्रा चालू असतो आणि बरोबर सहाव्या मात्रेला, म्हणजे खालीवर, बंद होतो. त्यावर १ के लावून तळाशी एक एलईडी द्या.

मला सगळ्यात जास्त रडवलंय ते कड्याने. दहाही एलईडींचे ऋण पाय एका पितळी कड्याला सोल्डर करायचे आणि कडं ४७० ओहममधून ग्राउंडला न्यायचं. दुसरा सांधा करायला जावं तर पहिला सुटतो, कारण पितळ उष्णता भराभर पुढे नेतं. यावर हमखास सल्ला मिळतो: ‘२५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या, नाहीतर एलईडी जळेल.’ साफ चुकीचं. बारीक टोकाचं आयर्न सांधा तापवायला इतका वेळ घेतं की तोवर सगळं कडं तापतं, आणि एलईडी जळते ती त्यानेच. ६० वॉटचं, चपट्या रुंद बिटाचं आयर्न घ्या आणि दोन सेकंदांत बाजूला व्हा.

त्याआधी तार पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, रोझिन फ्लक्स लावा, तार आणि एलईडीचा पाय दोन्हींवर आधी वेगवेगळं सोल्डर चढवा. एका सांध्यानंतर शेजारचा करू नका, समोरचा करा. झालेल्या सांध्यापाशी ओल्या कापसाचा बोळा ठेवा. ॲसिड फ्लक्सने सोल्डर छान धरतं हे खरं, पण काही दिवसांत तार हिरवी पडते आणि एलईडीचे पाय गंजतात. माझ्या टेबलावर तो येऊच देत नाही.

तार ताणून जागेवर आणू नका. सोल्डर वितळलं की ती उडते आणि शेजारच्या दोन सांध्यांना घेऊन जाते. प्लायवुडवर आकृती चिकटवून भोकं पाडा. हात काढला तरी तार तिथेच बसली पाहिजे. गुंडाळ्याची तार सरळ करायला एक टोक ड्रिलच्या चकमध्ये, दुसरं पक्कडीत धरा, ओढून ठेवा आणि सावकाश फिरवा. चष्मा घाला.

सॉकेट सोल्डर झाल्यावरच आयसी बसवा. मात्रा गळत असतील तर ०.१ चा कपॅसिटर ४०१७ च्या १६ आणि ८ या पायांना अगदी लागून आहे ना, ते पाहा. दुसरा टायमरजवळ.

प्रीसेटने एक मात्रा साधारण १.६ सेकंदांपासून ०.२ सेकंदांपर्यंत बदलते. कपॅसिटरचं मूल्य तापमानाने सरकतं, त्यामुळे लेहऱ्याशी, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणाऱ्या सुरावटीशी, लय जुळवली तरी थोड्या वेळात फरक पडतोच. लेहऱ्याबरोबरच चालवायचं असेल तर टायमर काढून टाका आणि १४ नंबरच्या पायाला मायक्रोकंट्रोलरची पल्स द्या.