कमी पाण्यावर कुठलं फुलझाड टिकतं ते घरच्या घरी कसं तपासायचं

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल आला की आमच्या डिचोलीत विहिरीचा दोर वाढवावा लागतो, कारण जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि जांभ्याची माती तो फार धरून ठेवत नाही. मग बागेचं पाणी कमी करायचं ठरलं की बहुतेक घरी सरसकट सगळ्यांचंच निम्मं होतं. त्यात अबोली जाते, आणि जिला एवढं पाणी नकोच होतं त्या बोगनवेलीला नुसती पानं येत राहतात. म्हणून म्हणते, एक सीझन काढून प्रत्येक झाडाला नीट मोजून ताण देऊन बघा, मग अंदाजाने पाणी घालावं लागत नाही.

रोपं पावसाळ्यात लावायची, जमलं तर एकाच झाडाच्या फांद्यांपासून, म्हणजे जात तीच राहते. पाणी कमी करायचं ते मुळं कुंडीत पसरल्यावरच, नवीन रोपाला ताण दिलात तर ते मरणारच आणि त्यावरून काहीच कळत नाही. मी नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू करते, ऑक्टोबरात गडगडाटी पाऊस येऊन सगळं बिघडवू शकतो.

एका जातीच्या नऊ कुंड्या घ्या, तीन पूर्ण पाण्याच्या, तीन निम्म्या, तीन पाव. साइज एकच हवी, माती एकाच ढिगातली, आणि मातीच्या कुंड्या घेतल्या तर सगळ्या मातीच्याच, कारण त्यांच्या भिंतीतूनही पाणी उडतं, प्लास्टिकच्या नाही. कुठली कुंडी कुठे ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पाववाल्या तिन्ही कुंड्या पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला गेल्या तर तुम्ही भिंतच तपासताय, झाड नाही.

आता मुख्य काम, वजन. बॅगा मोजायचा हुकवाला काटा असतो ना, तो पुरतो. संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी घाला, खालून गळून थांबू द्या, तासाभराने वजन करून कुंडीवर खडूने लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत वजन. काल ९ किलो २०० ग्रॅम होतं आणि आज ८ किलो ६०० भरलं, तर ६०० ग्रॅम म्हणजे ६०० मिलिलिटर पाणी झाडाने आणि उन्हाने मिळून संपवलं. मग पूर्णवाल्याला ६००, निम्म्याला ३००, पावला १५०. हिशोब मात्र रोज पूर्णवाल्या तीन कुंड्यांच्या सरासरीवरूनच करायचा, कारण ताणातलं झाड पानांची रंध्रं मिटून घेतं आणि पितंच कमी, त्याचंच वजन धरून चाललात तर माप आपोआप घसरत जातं. झाड वाढतं म्हणून महिन्यातून एकदा भरलेलं वजन नव्याने घ्या. कुंडीखाली बशी ठेवू नका.

जमिनीतल्या झाडांचं वजन करता येत नाही, तिथे दर वेळचं पाणी सारखंच ठेवून दिवसांचं अंतर वाढवायचं, म्हणजे आळ्यात १५ लिटर एकाला तीन दिवसांनी, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला बारा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या चाचण्यांत असंच करतात, आधी झाडं नेहमीच्या पाण्यावर रुजवून घेतात आणि मग बाष्पीभवनाच्या मापाच्या ८०, ५० आणि २० टक्के असे तीन गट पाडतात. थोडं थोडं रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात, एकदम दिलं की पाणी खोल जातं. आणि मोरडावरच्या, म्हणजे उंचावरच्या जांभ्याच्या जमिनीतल्या, बागेचा निकाल केरातल्या, म्हणजे खालच्या रेताड जमिनीतल्या, बागेला लावू नका, माती वेगळी, पाणी धरायची ताकद वेगळी.

रोज दोनदा बघायचं, दुपारी तीनला आणि सकाळी साडेसहाला. जास्वंदीची पानं तीनला ओल्या फडक्यासारखी लोंबतात, देठापासून खाली, बघून जीव कळवळतो, पण संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा, परत ताठ झालेली असतात. तो खरा ताण नाही. सकाळीही पान मान टाकून असेल तर तो खरा, वहीत लिहा. आठवड्यातून एकदा पाचपैकी मार्क द्या, फुलं मोजा, त्याच जागेवरून त्याच वेळेला फोटो काढा. खुरचाफ्याची पानं गळली म्हणून शून्य देऊ नका, कोरड्या दिवसांत तो पानं टाकतोच, खोड दाबून बघा, घट्ट असेल तर तो ठीक आहे. बोगनवेल पाव पाण्यावर जास्त रंगते, सदाफुलीही चांगली तग धरते. कोलियस मात्र निम्म्यावरच गळपटतो.

पहिल्या वर्षी माझा आख्खा फेब्रुवारी फुकट गेला. पाववाल्या अबोलीला अचानक नवी पानं फुटली, मला वाटलं झाड सावरलं, नंतर कळलं की सासूबाई दुपारी तिला तांब्याभर पाणी घालत होत्या, त्यांना ते सुकलेलं बघवत नव्हतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीच त्यांना नीट सांगायला हवं होतं. तुम्ही घरातल्या सगळ्यांना आधी सांगा आणि पाववाल्या कुंड्यांना लाल दोरा बांधा.

सहा आठवडे झाले की सगळ्यांना पूर्ण पाणी द्या आणि पुढचे दोन आठवडे बघत राहा. कुठलं झाड परत उठतं हा मला टिकण्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण आपल्याकडे ताण पावसापर्यंतचाच असतो.

मोगरा या सगळ्यात वेगळा ठेवा. त्याचं पाणी हिवाळ्यात छाटणीआधी मुद्दाम तोडतात, मग छाटून शेणखत घालून पाणी सुरू केलं की बहर येतो. तोच ताण कळ्या धरताना बसला तर कळ्या गळतात. आमच्या तालुक्यात वैशाखात शिरगावला लईराई देवीची जत्रा, तेव्हा मोगऱ्याची फुलं हवीतच, आणि विहीर तळाला गेलेली असते तीही तेव्हाच. म्हणून मोगऱ्याच्या नऊ कुंड्यांना मी डिसेंबरात एकदा आणि मार्चमध्ये एकदा असा वेगवेगळा ताण देते, आणि मार्चमध्ये पाव नाहीच, निम्म्यावर थांबते.