फ्रीलान्सरच्या कोडचे हक्क: माझा अनुभव
पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काँट्रॅक्ट्स बघते. क्लायंटने विचारलं फ्रीलान्सरनी लिहिलेला कोड तुमचाच ना, आणि जुन्या ॲग्रीमेंटमधे नुसतं 'सर्व हक्क कंपनीला' एवढंच. पगारी माणसाचा कोड कॉपीराइट ॲक्ट १९५७ च्या कलम १७ ने सहसा कंपनीचा होतो पण फ्रीलान्सरकडून लेखी असाइनमेंट (हक्क कंपनीच्या नावे करून देणं) लागते, आणि कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत, आणि वेगळं लिहिलं नसेल तर १९(४) ने वर्षभर न वापरलेल्या हक्काची असाइनमेंटच संपते (हे फार कमी लोक वाचतात!). मग छोटं डीड (करारपत्र) केलं, पूर्ण मुदत, जगभर, १९(४) लागू नाही, आणि जुन्या सगळ्या फ्रीलान्सरच्या सह्या घेतल्या. एकाचं बिल अडकलेलं, ते आधी क्लिअर करायला लावलं, त्याचे पैसे होते ते. आता डीडवर सही झाल्याशिवाय पीओ (कामाची परचेस ऑर्डर) निघत नाही.